घर, गोठा आणि वाङ्मय

‘घरगुती’ हा शब्द आमच्या टीकाकारांच्या हातीं पडला म्हणजे त्याचा अर्थ बदलतो. घरगुती औषध म्हटलें तर लोक विश्वासानें घेतात, घरगुती लोणचें म्हटलें तर दोन पैसे अधिक देतात. परंतु घरगुती कविता, घरगुती कादंबरी, घरगुती निबंध असें म्हटलें कीं लेखकानें समजून घ्यावें, आपल्याला खालच्या पंगतीला बसविलें आहे. रणांगण, क्रांति, अरण्य, मृत्यु हे विषय थोर. आणि चूल, पाळणा, अंगणांतली गाय, कोनाड्यांत निजलेलें मांजर हे विषय धाकटे, अशी एक उतरंड वाङ्मयचर्चेंत न बोलतां मान्य झालेली दिसते. दुसऱ्या बाजूस, घराविषयीं केवळ गोड गोड लिहिणारांचाही एक वर्ग आहे. त्यांच्या लिखाणांतल्या घरांत कधीं भांडण होत नाहीं, दूध उतूं जात नाहीं, आणि मांजर कोणाला बोचकारीत नाहीं. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष एकच चूक करितात. घराचा आनंद ही आयती मिळणारी वस्तु आहे असें दोघेही धरून चालतात. एक तिला तुच्छ लेखतो, दुसरा तिची आरती ओवाळतो. खरें पाहतां घराचा आनंद भाकरीसारखा रोज करावा लागतो. हें ज्या लेखकाला ठाऊक असतें त्याचेंच घरगुती वाङ्मय टिकतें, असें प्रस्तुत लेखांत दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

आम्ही हें यवतमाळ जिल्ह्यांत बसून लिहीत आहों, आणि ह्या विषयाला याहून योग्य जागा आम्हांस दुसरी दिसत नाहीं. काळ्या जमिनीचा आणि कापसाचा हा मुलूख. येथल्या शेतकऱ्याच्या हिशेबांत गोठा घराबाहेर पडत नाहीं. घरांत माणसें किती असें विचारलें तर बैलजोडीचें नांव त्याच श्वासांत येतें. श्रावणी अमावास्येस पोळा. त्याच्या आदल्या सांजेस बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून ते शेकतात; वर्षभर जूं वाहिलेल्या खांद्याच्या ऋणाची ती आठवण. त्याच वेळीं बैलांना दुसऱ्या दिवशींच्या जेवणाचें आवतण देण्याची रीत आहे. ही रीत आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. जो आपल्याच दावणीला बांधलेला आहे त्यालाही पाहुण्यासारखें बोलवावयाचें, त्याचें येणें गृहीत धरावयाचें नाहीं, हें ज्या घराला सुचलें त्या घराला प्रेमाचा एक मोठा नियम कळला होता असें आम्ही समजतों. आपल्या शिकल्यासवरल्या कुटुंबांत कितीजण घरच्या माणसाला असें आवतण देतात, हा प्रश्न वाचकांनीं मनाशीं विचारून पाहावा.

पोळ्याच्या दिवशीं बैलांना न्हाऊ घालून त्यांचीं शिंगें रंगवितात, अंगावर झूल घालतात, आणि गांवच्या तोरणाखालीं बैलांची रांग उभी राहिली म्हणजे ‘झडत्या’ म्हटल्या जातात. झडती हा वाङ्मयप्रकार आमच्या साहित्याच्या इतिहासांतून बहुधा राहून जातो. उंच स्वरांत म्हटलेल्या चार-सहा यमकबद्ध ओळी, आणि शेवटीं महादेवाचा जयजयकार, एवढाच तिचा देह. परंतु ह्या लहानशा देहांत काय मावत नाहीं! बैलाचें कौतुक असतें, देवाची आठवण असते, शेजाऱ्याची थट्टा असते. आणि त्याच दमांत सावकाराच्या कर्जाची, न आलेल्या पावसाची व उतरलेल्या भावाची तक्रारही असते. उत्सवाच्या ऐन क्षणीं तक्रार, हा शिष्ट रसिकाला रसभंग वाटेल. आम्हांस तोच रसाचा पुरावा वाटतो. ज्यानें स्वतःच्या हातानें बैल सजविला त्याला त्या बैलाचें मोल ठाऊक आहे, आणि वाईट वर्ष आलें तर तो विकावा लागेल हेंही ठाऊक आहे. आनंद आणि धास्ती एकाच गळ्यांतून निघतात, म्हणून त्या आनंदावर आपला विश्वास बसतो.

पुरुषांनीं तोरणाखालीं जें वर्षांतून एकदां केलें तें बायकांनीं जात्यापाशीं रोज केलें. पहांटेच्या अंधारांत, घर निजलेलें असतांना, दळतां दळतां रचलेल्या ओव्यांत माहेर, भाऊ, तान्हें बाळ, तुळस, गाय, सासरचा जाच हे सारे विषय येतात. साने गुरुजींनीं अशा ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ ह्या नांवानें प्रसिद्ध केल्या, हा मराठीवरचा त्यांचा एक उपकारच होय. ह्या ओव्यांकडे पाहतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. येथें स्फूर्ति कामाला सुट्टी मिळाल्यावर आलेली नाहीं. ती कामांतूनच आली आहे. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यानें ठरविली, आणि ओवीनें तो फेरा हलका केला. घर आणि काव्य यांचा इतका उघड व्यवहार आम्हांस दुसरीकडे क्वचित् आढळतो.

कोणी म्हणेल, हें लोकवाङ्मय झालें. ग्रंथस्थ वाङ्मयाचें काय? तर मराठी गद्याच्या आरंभाकडेच पाहावें. त्यासाठीं यवतमाळ सोडण्याचें कारण नाहीं. येथील शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे यांनीं महानुभावांच्या पोथ्यांच्या संशोधनांत आयुष्याचीं अनेक वर्षें घालविलीं, आणि तें जुनें गद्य महाराष्ट्रापुढें आणणाऱ्या मोजक्या पंडितांत त्यांची गणना होते. तेराव्या शतकांतील ‘लीळाचरित्र’ हा तर तत्त्वज्ञ गुरूच्या आठवणींचा ग्रंथ. पण म्हाइंभटांनीं त्या आठवणी जमवितांना जेवणखाण, वस्त्रपात्र, रुसवेफुगवे यांना ‘क्षुल्लक’ म्हणून बाहेर ठेवलें नाहीं. पारध्यांच्या हातून सुटलेला ससा चक्रधरांच्या आश्रयाला आल्याची लीळा सर्वांस ठाऊक आहे. ऋद्धिपुरचे गोविंदप्रभु तर कोणाच्याही घरांत शिरत आणि तेथल्या भांड्यांत काय आहे तें पाहत. आमच्या भाषेचें गद्य असें स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बोलावयास शिकलें. त्यास पुढें घराची लाज कां वाटूं लागली, हेंच नवल.

आतां अलीकडच्या मध्यमवर्गीय वाङ्मयाकडे वळूं. १९३३ हें वर्ष ह्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या एकाच वर्षीं ना. सी. फडके यांच्या ‘गुजगोष्टी’ आणि चिं. वि. जोशी यांचें ‘चिमणरावाचें चऱ्हाट’ हीं दोन पुस्तकें प्रसिद्ध झालीं. आणि त्याच वर्षीं नाशिकच्या तुरुंगांत साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ लिहिली, जी दोन वर्षांनीं छापली गेली. तिन्ही पुस्तकें रोजच्या जगण्याचींच, परंतु तिघांच्या बसण्याच्या जागा निरनिराळ्या आहेत.

फडके आरामखुर्चींत बसून रोजच्या जगण्याकडे पाहतात. क्षुल्लक वस्तूंत गोडी शोधण्याची त्यांची हातोटी वादातीत आहे. लघुनिबंधाला त्यांनीं मराठींत घर मिळवून दिलें असें म्हटलें तरी चालेल. पण तो निबंध वाचतांना आम्हांस कित्येकदां वाटतें, हा चहाचा पेला येथवर आणला कोणी? आनंद भोगणारा दिसतो, आनंद करणारा दिसत नाहीं. त्यामुळें तें लेखन मोहक वाटतें, पण पुस्तक मिटल्यावर मनांत फार वेळ रेंगाळत नाहीं.

चिमणराव खुर्चींत स्वस्थ बसूंच शकत नाहीं. त्याचा प्रत्येक बेत फसतो, गुंड्याभाऊ मदतीला आला कीं तो अधिकच फसतो, आणि काऊच्या बोलण्यापुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. जोशी यांचें मोठेपण असें कीं, ते घराला हंसतांना स्वतः घराबाहेर उभे राहत नाहींत. चिमणरावाची फजिती ही घरांतल्याच माणसानें सांगितलेली फजिती आहे. संसार अपुऱ्या पैशांत, अपुऱ्या जागेंत आणि अपुऱ्या अकलेंत चालवावा लागतो, तरीही तो हंसतखेळत चालतो, हें त्यांनीं एकही उपदेशाचें वाक्य न घालतां दाखविलें. दिवाणखान्यांत मोठ्यानें वाचून सर्वांनीं मिळून हंसावें असें हें पुस्तक आहे, आणि कुटुंबांत असें एक पुस्तक असणें ही लहान गोष्ट नव्हे.

‘श्यामची आई’ला ‘रडकी’ म्हणण्याची आतां रूढि झाली आहे. पुस्तकांत अश्रु पुष्कळ आहेत हें आम्ही नाकारीत नाहीं, आणि कांहीं ठिकाणीं ते टाळतां आले असते असेंही म्हणूं. परंतु टीकाकार अश्रु मोजतात आणि कर्ज मोजावयाचें विसरतात. त्या घरावर कर्ज आहे, मालमत्ता हातची जात आहे, आणि तशांत एक बाई मुलाला झाडावर, पशूवर, दुबळ्या माणसावर प्रेम करावयास शिकवीत आहे. मोऱ्या गाईचें प्रकरण वाचावें. गाय गेली तें दुःख घरांतलें माणूस गेल्याप्रमाणें सांगितलें आहे, आणि वाचकाला त्यांत अतिशयोक्ति वाटत नाहीं. कारण तिला चारणें, पाणी दाखविणें, तिची धार काढणें हें त्या घराच्या दिवसाचें अंग होतें. प्रेम आधीं हातानें केलें, मग डोळ्यांनीं अश्रु ढाळले. आधीं कांहींच न करितां ढाळलेले अश्रु तेवढे खोटे.

पाळीव प्राण्यांविषयींच्या लेखनाला तर ही कसोटी विशेष लागू पडते. कुत्र्यामांजरांवर लिहिणें आज पुष्कळ वाढलें आहे. बहुतेक लेखनांत प्राणी हा मालकाच्या चांगुलपणाचा आरसा असतो. त्याला स्वतःचा जीव, स्वतःचा हट्ट, स्वतःचें दुःख असतें असें तें वाचून वाटत नाहीं. ह्याच्या उलट, व्हर्जिनिया वूल्फ ह्या इंग्रज लेखिकेनें पुनः त्याच १९३३ सालीं ‘फ्लश’ नांवाचें पुस्तक लिहिलें. एलिझाबेथ बॅरेट ह्या कवयित्रीच्या कुत्र्याचें तें चरित्र. त्यांत जग कुत्र्याच्या नाकानें उलगडतें. चोरांनीं त्याला पळवून नेलें तेव्हां मालकिणीनें पैसे भरून त्याला सोडवून आणलें तें प्रकरण वाचतांना, भीति नेमकी कुत्र्याची आहे, माणसाची नव्हे, असें जाणवतें. लेखिकेनें प्राण्याला त्याचा मान दिला.

मराठींत हाच मान आनंद यादव यांनीं ‘गोतावळा’ ह्या १९७१ सालच्या कादंबरींत दिला, आणि आमच्या मतें अधिक खोलवर दिला. नारबा हा दुसऱ्याच्या मळ्यावर राबणारा गडी; त्याला सोयरेधायरे नाहींत. मळ्यावरचीं गुरेंढोरें हाच त्याचा गोतावळा. पुढें मालक ट्रॅक्टर आणतो, आणि एकेक जनावर मळ्यावरून नाहींसें होतें. कादंबरी ह्यापलीकडे फार कांहीं सांगत नाहीं, पण वाचून झाल्यावर शीर्षकाचा अर्थ घशांत अडकतो. कोल्हापूरकडची ती भाषा आमच्या वऱ्हाडी कानांना परकी वाटली नाहीं. कारण यंत्र आलें, बैलजोड्या कमी झाल्या आणि रिकाम्या गोठ्यांत जुनें सामान जाऊन बसलें, हें दृश्य आम्ही आमच्या गांवांतही पाहिलें आहे. ट्रॅक्टरला दोष देण्याचा आमचा विचार नाहीं. त्यानें माणसाचे आणि बैलाचे कष्ट वांचविले. परंतु कष्टाबरोबर नातेंही गेलें, याची नोंद कोणी तरी करावयास हवी होती, ती वाङ्मयानें केली.

येथें एक आक्षेप येईल. घराचा आनंद घर सुखरूप असेल तोंवर. घर मोडलें म्हणजे असल्या वाङ्मयाचें काय करावयाचें? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून ह्या विषयावर लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. त्याचें पहिलें उत्तर खानदेशांत मिळतें. बहिणाबाई चौधरी यांना ऐन तिशीच्या सुमारास वैधव्य आलें. अक्षरओळख नाहीं, पदरीं मुलें, शेताची आणि घराची सारी कामें अंगावर. अशा स्थितींत त्यांनीं जातें, चूल, माहेर, पेरणी, सुगरण पक्षिणीचा खोपा यांवर गाणीं रचलीं. मुलगा सोपानदेव यांनीं व घरच्या माणसांनीं तीं उतरून ठेविलीं म्हणून वांचलीं. १९५१ च्या डिसेंबरांत बहिणाबाई वारल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानें १९५२ सालीं तीं पुस्तकरूपानें आलीं. ह्या गाण्यांतला आनंद सुखवस्तु घराचा नाहीं. मोडलेलें घर रोज पुनः उभें करणाऱ्या बाईचा तो आनंद आहे, म्हणून त्यांत रडें नाहीं आणि फुशारकीही नाहीं. ज्यांना घर हा दुबळ्या प्रतिभेचा विषय वाटतो त्यांनीं हें पुस्तक पुनः एकदां उघडावें.

दुसरें उत्तर यवतमाळनें दिलें. मराठी साहित्य संमेलन ह्या गांवीं प्रथम १९७३ सालीं भरलें तेव्हां ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. १९५५ सालापासून ज्यांचें ‘गीतरामायण’ पुणें आकाशवाणीवरून घरोघर पोहोंचलें आणि आजी-नातवंडांनीं एकत्र बसून ऐकलें, असे ते कवि. २०१९ च्या जानेवारींत येथें ९२ वें अखिल भारतीय संमेलन झालें. अध्यक्षा अरुणा ढेरे, ज्यांनीं स्त्रियांच्या मौखिक परंपरेचा आयुष्यभर अभ्यास केला. उद्घाटनासाठीं नयनतारा सहगल यांना निमंत्रण देऊन तें मागें घेतलें गेलें, त्यावरून मोठा वाद उठला, आणि तो उठावयास हवाच होता. अखेर उद्घाटन केलें तें कळंब तालुक्यांतील राजूरच्या वैशाली येडे यांनीं. कर्जापायीं जीवन संपविलेल्या एका शेतकऱ्याच्या त्या पत्नी. श्याम पेठकर यांनीं लिहिलेल्या व हरीश इथापे यांनीं बसविलेल्या ‘तेरवं’ ह्या नाटकांत त्यांनीं काम केलें आहे. ज्यांच्या घरांत असा घाला पडला अशा स्त्रियाच त्या नाटकांत रंगमंचावर उभ्या राहतात.

निमंत्रणाच्या वादाचें परिमार्जन ह्या निवडीनें झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. एका पाहुणीचा केलेला अपमान दुसरीच्या सत्कारानें पुसला जात नाहीं. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीनें त्या दिवशीं कांहीं तरी महत्त्वाचें घडलें. ज्या जिल्ह्याचें नांव कैक वर्षें वर्तमानपत्रांत केवळ मृतांच्या आंकड्यांबरोबर येत होतें, त्या जिल्ह्यांतून एक बाई व्यासपीठावर आली ती घर मागें टाकून नव्हे, तर तें चालवीत असलेल्या बाईच्या अधिकारानें. मुलांचें शिक्षण, रोजची मजुरी, समाजाच्या नजरा, हीं तिचीं ‘घरगुती’ प्रकरणें. तीं ऐकतांना ‘घरगुती’ हा शब्द धाकटा आहे असें म्हणण्याचें धाडस कोणाला झालें असतें?

ह्यावरून आम्ही घरगुती वाङ्मयाची कसोटी थोडक्यांत सांगतों. त्या लेखनांत चूल कोणी पेटविली तें दिसतें काय? त्यांतल्या मुक्या जीवाला स्वतःचें मन आहे काय? आणि वाईट दिवस आल्यावर तें लेखन माणसाच्या हाताशीं उभें राहतें काय? ह्या तीन प्रश्नांना जें पुस्तक होकार देतें तें कोणत्याही रणगीताच्या पंक्तीस बसविण्यास आमची हरकत नाहीं. जें देत नाहीं तें किती का गोड असेना, तें घराचें चित्र नव्हे, घराच्या भिंतीवर टांगलेलें चित्र होय.

आमच्या स्वतःच्या घरीं एक मांजर आहे. गेल्या पावसाळ्यांत तें भिजत आलें. घरांतल्या वडील बाईंनीं प्रथम त्याला चार वेळां हुसकावलें, आणि पांचव्या वेळीं ‘आज एक दिवस राहूं दे’ म्हणून बशींत दूध घातलें. तो एक दिवस अजून संपलेला नाहीं. रोज सकाळीं त्या त्याच्यावर रागावतात आणि रोज सकाळीं दूध घालतात. हा लेख लिहितांना तें दोनदां कागदांवर येऊन बसलें. दोन्ही वेळां आम्हीं त्याला उचलून खालीं ठेविलें, आणि दोन्ही वेळां वाक्य पूर्ण करण्याआधीं तें परत आलें. अशा व्यत्ययांतूनच घरांतलें लेखन होत असतें. पुढच्या पोळ्याला यवतमाळकडे कोणी येणार असेल तर त्यानें तोरणाखालच्या झडत्या अवश्य ऐकाव्या. आणि परत गेल्यावर आपल्या घरच्या माणसांना, जीं रोज न बोलवितां पानावर येऊन बसतात त्यांना, एकदां रीतसर आवतण द्यावें.